लॉन्सचा जनरेटर आणि पेंडीचं टिपाड

सातारा-कोरेगाव रस्त्यावर माझ्या भाच्याचं मंगल कार्यालय आहे. पुढे हॉल, मागे दहा गुंठ्यांचं लॉन, लॉनच्या कडेनं करंजाची झाडं आणि स्वयंपाकघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ८२.५ केव्हीएचा, म्हणजे साधारण ६६ किलोवॉटचा, जनरेटर. माझी सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत डिझेल इंजिनांबरोबर गेली, म्हणून निवृत्तीनंतर जनरेटर माझ्याकडे आला. लॉनचं वेड आधीपासूनच होतं, तेही हळूहळू माझ्याकडेच आलं. यंदा आषाढी झाली, लग्नं थांबली आणि भाच्यानं दोन प्रश्न एकदमच विचारले. “मामा, जनरेटर बदलायचाच आहे, तर पुन्हा डिझेलचाच घ्यायचा का? आणि त्या लॉनला युरियाशिवाय काही देता येईल का?”

त्याच्या लेखी हे दोन वेगळे खर्च होते. मला ते एकाच हिशेबाचे वाटतात. चहा पिता पिता सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी डिझेलविषयी, आणि आदरानं. ज्याच्यावर आपलं घर चाललं त्याला आता सगळे नावं ठेवतात म्हणून मी ठेवणार नाही. वीस लिटरचा डिझेलचा कॅन उचलून बघा, साधारण सतरा किलो भरतो. जनरेटर बऱ्यापैकी लोडवर असेल तर एका लिटरमधून तीन ते साडेतीन युनिट वीज निघते, म्हणजे त्या एका कॅनमधून साठ-पासष्ट युनिट. तेवढीच वीज साठवणारी लिथियम बॅटरी चारशे किलोच्या पुढे जाते. माणूस एका हातानं कॅन उचलतो, बॅटरीला क्रेन लागते. डिझेलची सगळी ताकद ह्या फरकात आहे. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ साली ऑग्सबर्गला चाचणी झाली तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी सव्वीस टक्क्यांच्या आसपास उष्णता कामाला आली होती, आणि त्या काळची वाफेची इंजिनं दहा-बारा टक्क्यांवर समाधान मानत होती. आज मोठ्या जहाजांची संथ डिझेल इंजिनं पन्नास टक्क्यांपर्यंत पोचतात. ठिणगी नाही, प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि नोजलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. आयुष्यभर नोजल तपासली, फवारा हवा तसा धुक्यासारखा बारीक पडला की अजूनही बरं वाटतं.

पण त्याच कार्यशाळेत थंडीच्या सकाळी शेडमधल्या गाड्या एकापाठोपाठ एक सुरू व्हायच्या आणि पांढऱ्या धुरात समोरचा माणूस दिसायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. माझ्याबरोबर त्या शेडमध्ये उभे राहिलेले किती जण आज दम्याची औषधं घेतात ते मला माहीत आहे. त्यामुळे डिझेल कमी व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते कुठे कमी होईल हेही आता स्पष्ट दिसतं.

जिथे तार पोचते तिथून डिझेल जातं. कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला. त्या बोगद्यांमधून डिझेल इंजिनाची गाडी जाताना खिडक्या लावून घेतलेल्यांना ह्याची किंमत कळेल. १ जून २०२२ ला एसटीची विजेवरची ‘शिवाई’ पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९४८ साली १ जूनलाच एसटीची पहिली गाडी ह्याच मार्गावर निघाली होती. आम्हा कार्यशाळेतल्या लोकांना दहा लिटरला किती किलोमीटर पडले ह्या एका आकड्याची रोज धास्ती असायची. आता नवी पोरं युनिटला किती किलोमीटर हे बघतील. विहिरीवरचं इंजिन तर डोळ्यांदेखत गेलं. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स पुण्यात १९४६ साली सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं आमच्याकडे ‘इंजिन सुरू कर’ म्हणजे मोटेच्या जागी आलेलं डिझेलचं इंजिन. मग विजेची मोटर आली आणि आता ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरले की पॅनेल लागतं. दिवसा ऊन, दिवसाच पाणी, साठवणीची भानगड नाही. सौर ऊर्जेला ह्याहून चांगलं काम मिळणं कठीण.

जिथे तार पोचत नाही आणि ओढ मोठी आहे तिथे डिझेल बराच काळ राहील. ऊसतोडणीचं यंत्र, हार्वेस्टर, रोटाव्हेटर लावलेला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, खोल समुद्रातला ट्रॉलर, आणि वीज गेल्यावर हॉस्पिटलचा जनरेटर.

लग्नाचा जनरेटर ह्या दोहोंच्या मधला. तार आहे, पण मुहूर्ताला ती भरवशाची नाही.

आमच्या शेडमधला संच घेतला तेव्हा लॉनवर हजार-हजार वॉटचे हॅलोजन लागायचे, स्टेजवर तर त्याखाली नवरा-नवरी घामाघूम. तेव्हा ८२.५ केव्हीए योग्यच होता. नंतर हॅलोजन गेले, एलईडी आले. रोषणाई वाढली आणि लोड उतरला. आता सगळं सुरू असताना मीटर अठरा-वीस किलोवॉट दाखवतो, आणि जेवणं उरकल्यावर त्याहून खाली. एवढ्या मोठ्या इंजिनाला एवढं हलकं काम दिलं की ते नीट तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये ओला काळा चिकटा जमतो आणि लिटरमागे मिळणारी युनिटंही घटतात. गिऱ्हाइकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं. नोजल खोला, पंप कॅलिब्रेशनला न्या, सगळं करून झालं तरी धूर तसाच राहतो. लोड तीस टक्क्यांच्या खाली तासन् तास राहू देऊ नये, हे प्रत्येक कार्यालयाच्या शेडमध्ये लिहून ठेवावं असं आहे.

म्हणजे एलईडीच्या दिव्यांनी आमचं डिझेल जेवढं वाचवलं तेवढं कुठल्याच नव्या इंजिनानं वाचवलं नसतं. गरज आधी खाली आली. आता संच त्या मापाचा घ्यायचा एवढंच उरलं.

इथे नवे नियम येतात. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘सीपीसीबी फोर प्लस’ निकष लागू झाले. १९ ते ५६ किलोवॉटच्या इंजिनाला आधी युनिटमागे ०.३ ग्रॅम काजळी चालायची, ती आता ०.०३ ग्रॅमवर आली. दहावा हिस्सा. ५६ ते ५६० किलोवॉटच्या इंजिनांना ह्याशिवाय नायट्रोजन ऑक्साइड ०.४० ग्रॅमपर्यंत उतरवावे लागतात, आणि त्यासाठी साधारणपणे धुराच्या नळीत डीईएफ नावाचं द्रावण फवारावं लागतं. ट्रकवाले ज्याचे निळ्या झाकणाचे कॅन घेऊन फिरतात तेच. आमच्या जुन्या मापाचा संच घेतला तर हा डबा पाठीमागे लागला.

हे डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो थबकला, कारण लॉनच्या खोलीतही युरियाचीच गोणी होती.

इंजिनात हवा जाते, तिच्यात चार पंचमांश नायट्रोजन. एरवी तो कशाशीच संयोग पावत नाही, पण सिलिंडरच्या भट्टीत त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ते विषारी ऑक्साइड बाहेर पडतात. दुसरीकडे कारखान्यात हाच हवेतला नायट्रोजन घेऊन चार-पाचशे अंश तापमानात आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोनशे पटींच्या आसपास दाबाखाली हायड्रोजनशी जोडतात, अमोनिया करतात, अमोनियाचा युरिया करतात. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात त्यासाठी नैसर्गिक वायू वापरला जातो. मग तो युरिया डीईएफ होऊन इंजिनाच्या नळीत जातो, तिथे त्याचा पुन्हा अमोनिया होतो आणि तो त्या ऑक्साइडांना परत साध्या नायट्रोजनवर आणून हवेत सोडतो. एका भट्टीतलं निस्तरायला दुसऱ्या भट्टीतला माल. अमोनिया करायच्या ह्या हाबर-बॉश पद्धतीचा पहिला मोठा कारखाना जर्मनीत ओप्पाऊला सप्टेंबर १९१३ मध्ये सुरू झाला, आणि रुडॉल्फ डिझेल इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला तोही सप्टेंबर १९१३ च्या शेवटी. शंभराहून अधिक वर्षांनी त्याचं इंजिन आणि हा अमोनिया एका सायलेन्सरमध्ये एकत्र आले.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. डीईएफ उन्हात टिकत नाही. सतत पस्तीस अंशांत ठेवलं तर सहा महिन्यांत त्याचा भरवसा संपतो. वर्षातून मोजके तास चालणाऱ्या जनरेटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते पडून राहणार, हे लक्षात घ्या. आणि शेतीचा युरिया बादलीत ढवळून डीईएफ म्हणून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, तो धूर साफ करणारी महागडी कॅटॅलिस्ट खराब करतो. शिवाय ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती सरकार बाकीचे पैसे भरतं म्हणून. ते पैसे पिकासाठी आहेत, असला वापर गुन्हा आहे.

आणि मग मला आमच्या लॉनच्या गोणीकडेही बघवेना. लग्नाची हिरवळ हे काही पीक नव्हे. अनुदानाचा युरिया तिच्यावर टाकणं मला पटत नाही, आणि ह्या कारणासाठीच आम्ही तो बंद केला.

आता टिपाडाकडे, म्हणजे खताच्या पिंपाकडे, वळतो. लोकांना वाटतं टिपाडात जीवामृत केलं की युरियाची सोय झाली. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांचं प्रमाण सगळ्यांना पाठ असतं: दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजं देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो काळा गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. ह्यात नत्र, म्हणजे तोच नायट्रोजन, किती असेल? ढोबळ हिशेबानं सगळं मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास. आणि लॉनला एका वेळी चौरस मीटरला दहा ग्रॅम युरिया देतात, म्हणजे आमच्या हजार चौरस मीटरला दहा किलो, त्यात नत्र ४.६ किलो. हा फरक लपवून उपयोग नाही. जीवामृत हे मातीचं विरजण आहे, दूध नव्हे. ते मातीत आधीच असलेलं गवताला मिळवून देतं. मातीत काहीच नसेल तर टिपाडावर टिपाड ओतूनही लॉन पिवळंच राहतं, आणि लोक जीवामृताला नावं ठेवतात.

म्हणून इथेही गरज आधी खाली आणली. कापलेलं गवत आम्ही पोत्यात भरून बाहेर टाकायचो. वाळलेल्या कापणीत तीन-चार टक्के नत्र असतं, म्हणजे युरिया टाकायचा आणि मशीननं तो कापून उकिरड्यावर न्यायचा असं चाललं होतं. आता गवत कापायचं मशीन दर आठवड्याला फिरवतो, गवताच्या पात्याची एक तृतीयांशच उंची कापतो आणि चुरा तिथेच राहू देतो. फक्त लग्नाच्या आदल्या कापणीला गोळा करतो, नाहीतर शालू-पैठण्यांना चिकटतो. आषाढात काट्यानं जमीन टोचून घेतो, कारण खुर्च्या आणि मांडवाच्या वजनानं ती विटेसारखी होते, आणि त्यावर चौरस मीटरला अर्धा किलो गांडूळखत लाल मातीत मिसळून पसरतो. त्यातूनच पाच किलोच्या वर नत्र येतं, सावकाश सुटणारं. पाणीपुरीचा स्टॉल आणि भांडी धुण्याची जागा दर लग्नाला बदलायला लावली. मिठाच्या पाण्यानं जळलेल्या ठिगळाला खत घालून काही होत नाही, भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुवावं लागतं.

एवढं झाल्यावर मग टिपाडाचं काम. गवतासाठी मी जीवामृतापेक्षा पेंडीचं पाणी जास्त वापरतो. पाच किलो शेंगदाणा पेंड, पन्नास लिटर विहिरीचं पाणी, थोडा गूळ. पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास नत्र. तीन ते चार दिवस, दिवसातून तीनदा तळापासून ढवळायचं, तोंडाला गोणपाट बांधायचं, घट्ट झाकण नाही. हवा मिळाली तर आंबूस वास येतो आणि तेवढ्यावर राहतो. हवा कोंडली की कुजका वास सुटतो, आणि ते टिपाड लॉनवर नेऊच नये. दुहेरी फडक्यातून गाळून एकाला दहा पाणी मिसळून झारीनं द्यायचं. पाठीवरच्या पंपाचं नोजल पेंडीनं चोंदतं. गाळलेला चोथा झाडांच्या आळ्यात. जमिनीला वाफसा असताना, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, संध्याकाळी द्यावं, धो-धो पाऊस लागला असेल तर नाही, सगळं ओढ्याला जातं. लॉनच्या कडेला हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, दिसली तर शेंगदाण्याऐवजी करंज पेंड. ती कडू, जनावरं खात नाहीत, म्हणून मातीलाच येते, आणि किडीलाही थोडा अटकाव करते.

वेळापत्रक पंचांग ठरवतं. चातुर्मासात दर पंधरवड्याला, मग तुळशीच्या लग्नाआधी दोन आठवडे शेण-गोमूत्राचं सगळं बंद. ह्या गवतावर पोरं लोळतात, लोक पंगतीला अनवाणी बसतात. कच्च्या शेणातले जंतू तिथे असता कामा नयेत. सीझनमध्ये फक्त गांडूळपाणी. पौषात मुहूर्त नसतात तेव्हा एकदा पुन्हा पेंड.

रंग युरियाइतका गडद येत नाही, आणि मोठ्या लग्नानंतर गवताला सावरायला वेळ जास्त लागतो. भाच्याला सांगितलंय की लॉनवरच्या दोन तारखांमध्ये चार दिवस मोकळे सोड, नाहीतर एक लग्न हॉलमध्ये घे. त्याला ते जड गेलं, पण त्यानं मानलं.

पेंडीवरून आठवलं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. तेल इंजिनाला, पेंड जमिनीला, एकाच शेंगेतून. ऐकायला फार छान वाटतं, पण खायचं तेल जाळणं मला मान्य नाही, आणि कच्चं तेल आजच्या इंजिनात घालूही नये. ते डिझेलच्या कितीतरी पट घट्ट, नोजलवर राळ धरतं. मिथेनॉल आणि कॉस्टिक वापरून त्याचं बायोडिझेल करावं लागतं, आणि ते घरी करायचं काम नव्हे. मिथेनॉल विष आहे आणि झटकन पेट घेतं. मात्र तळून काळं पडलेलं तेल ही वेगळी गोष्ट. पुऱ्या, जिलेबी, भजी तळून आचाऱ्याकडे डबेच्या डबे उरतात आणि ते पुढे कुणाच्या कढईत जातात हे विचारायची सोय नसते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली ‘रुको’ उपक्रम सुरू केला तो हे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी. आमच्या करारात आता आचाऱ्यासाठी अट आहे: उरलेलं तळणाचं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं आणि पावती कार्यालयात जमा करायची. डिझेलचं पुढे जे काही भलं व्हायचं ते मला असल्या तेलात जास्त दिसतं. लोकांच्या पोटात जाणारं विषही त्यानं टळतं.

तर निर्णय असा झाला. हॉलच्या पत्र्यावर सोलर, त्यातून दिवसाचं बिल उतरेल. दिवे, साउंड आणि स्टेज बॅटरी इन्व्हर्टरवर, म्हणजे वीज जाताच अंधार नाही आणि धूर नाही. आणि मागे ३० केव्हीएचा छोटा डिझेल संच, वरवधूच्या खोल्यांचे एसी, पाण्याची मोटर आणि लांबलेली वरात ह्यांच्यासाठी. तो चोवीस किलोवॉटचा, त्यामुळे नेहमी चांगल्या लोडवर चालेल, आणि त्या गटात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा सैल असल्यानं डीईएफचा डबा लागणार नाही. काजळीचा निकष मात्र नवाच, दहाव्या हिश्श्याचा. टाकीत सीझनपुरतंच डिझेल ठेवायचं, कारण पावसाळाभर पडलेल्या डिझेलच्या तळाशी पाणी सुटतं, त्यात बुरशी धरते आणि पहिल्याच लग्नाला फिल्टर चोंदतो.

जुना संच विकायला काढलाय. खडीक्रशरवाला बघून गेला. त्याच्याकडे लोड भरपूर आहे, तिथे हे इंजिन मोकळं श्वास घेईल. देण्याआधी नोजल आणि सायलेन्सर मी स्वतः साफ करून देणार आहे. तुळशीच्या लग्नाच्या आत नवा पाया ओतून वाळायला हवा, आणि धुराची नळी ह्या वेळी करंजाच्या शेंड्याच्या वर न्यायची आहे, म्हणून गवंड्याला सोमवारी बोलावलंय.